डाव्या कप्प्यातली दोन बँडेज

मार्चमध्ये दोन आठवडे सिडनीला भाचीकडे होतो. रविवारी पहाटे तिने पाठीवरची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मामा, पाणी मधल्या कप्प्यात, डाव्या कप्प्यात दोन बँडेज. कुठे आहेत ते लक्षात ठेव. मला काही झालं तर शोधत बसशील." तीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढलेल्या डॉक्टरला आयटीतली भाची प्रथमोपचार शिकवत होती. मी हसलो. संध्याकाळी परत येईपर्यंत ते हसू बरंच कमी झालं होतं.

आम्ही जाणार होतो गॅरिगल राष्ट्रीय उद्यानात, मिडल हार्बर क्रीकच्या काठाने. हे उद्यान शहराच्या उत्तर भागात वस्तीला खेटूनच आहे. १९९१मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे २२०० हेक्टर. आपलं बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे हे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं. दोन्हीकडे स्थिती तीच, तिन्ही बाजूंनी शहर आणि मध्ये रान. रोझव्हिल पुलाखालच्या डेव्हिडसन पार्कपाशी गाडी लावली आणि पाण्याच्या काठाने वरच्या दिशेला निघालो.

'क्रीक' म्हटलं की मुंबई-कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खाडी येते, ठाण्याची, वसईची, धरमतरची. ऑस्ट्रेलियात मात्र क्रीक म्हणजे ओढा, भले तो उन्हाळ्यात कोरडा का असेना. मिडल हार्बर क्रीक या दोन्ही अर्थांना पुरून उरते. खालच्या अंगाला ती खरोखरच खाडी आहे. सिडनी बंदराचं पाणी भरतीबरोबर आत चढतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी श्वासमुळं वर आलेली दिसतात. मी वाकून पानं पाहिली. वरून हिरवीगार, खालून राखाडी. ती तिवर होती. नावातही फरक नाही, शास्त्रीय भाषेत ॲव्हिसेनिया मरिना, आमच्या गावच्या खाडीवर वाढणारीच जात. तासाभराने तिवरं विरळ झाली, दोन्ही अंगांना वालुकाश्माचे कडे जवळ आले, खडकांच्या कपारी, गुळगुळीत नारिंगी सालीची उंच झाडं, आणि पाण्याचा वास बदलला. बंगारू नावाच्या जागी भरतीचं पाणी थांबतं आणि गोडं पाणी सुरू होतं. तिथे ओढा ओलांडायला दगड टाकलेले आहेत.

या बंगारूपाशी १७८८च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर आर्थर फिलिपने तळ टाकला होता. इंग्रजांची पहिली जहाजं बंदरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तो शेतीजोगी जमीन शोधत होता. पुढच्याच वर्षी, १७८९च्या एप्रिलमध्ये, बंदराच्या काठावर मूळ रहिवाशांचे मृतदेह सापडू लागले. देवीची साथ होती. बंदराभोवतीची निम्मी माणसं त्यात गेली, असा खुद्द फिलिपचा अंदाज होता. कपारींत आजही शिंपल्यांचे थर दिसतात, पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसून कालवं खाल्ली गेल्याची खूण. देवीचे व्रण चेहऱ्यावर वागवणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. एका साथीत निम्मा गाव जाणं म्हणजे काय, हे त्या कपारीत बसून पाणी पिताना अंगावर येतं. आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही.

भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं की मार्च हा 'फनेल-वेब'चा महिना. हा सिडनीचा कुप्रसिद्ध कोळी. ओलसर जागी, दगडाखाली किंवा मुळाशी बीळ करतो आणि तोंडाशी नरसाळ्यासारखं रेशमी जाळं विणतो. मादी सहसा बिळातच राहते. नर मात्र उन्हाळ्यात आणि शरदात मादीच्या शोधात बाहेर पडतो, पावसानंतर तर अगदी घरातल्या बुटात जाऊन बसतो. आणि या जातीत नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. २०२५च्या जानेवारीत संशोधकांनी दाखवून दिलं की आजवर एकच समजली गेलेली ही जात प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या जाती आहेत. चावणाऱ्याला आणि चावून घेणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, तिन्हींवर प्रतिविष एकच चालतं.

मला या कोळ्यात रस होता तो वेगळ्या कारणाने. त्याच्या विषाने होणारी लक्षणं वाचताना आपला लाल विंचू आठवतो. दरदरून घाम, अंगावर काटा, तोंडाला लाळ, नाडी आणि रक्तदाब वर, आणि मग फुप्फुसांत पाणी. कारणही सारखंच आहे. मज्जातंतूंवर सोडियमचे सूक्ष्म दरवाजे असतात. ते क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो, आणि लगेच बंद होतात. दोन्ही विषं हे दरवाजे बंद होऊ देत नाहीत. मज्जातंतू थांबायचं विसरतो, शरीरभर ॲड्रेनलिनचं वादळ उठतं. एक प्राणी ऑस्ट्रेलियातला, दुसरा रायगड-रत्नागिरीच्या जांभ्या दगडाखालचा, आणि कुलूप दोघांनी एकच शोधून काढलं. गंमत म्हणजे फनेल-वेबच्या विषाचा कुत्र्या-मांजरांवर फारसा परिणाम होत नाही, माणसावर आणि माकडांवर मात्र होतो.

तिथे १९८१पूर्वी या कोळ्याने तेरा मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्या वर्षी डॉ. स्ट्रुअन सदरलंड यांनी सशांच्या रक्तापासून तयार केलेलं प्रतिविष वापरात आलं, आणि तेव्हापासून एकही मृत्यू नाही. त्याच दशकात इकडे महाडजवळ डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांशेजारी रात्री जागून नोंदी ठेवत होते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली, १९८६मध्ये 'लॅन्सेट'ने त्याची दखल घेतली, आणि कोकणात विंचवाने मुलं दगावण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा ही गोळी आमच्यासाठी नवी होती. आज ती देताना कुणाला विशेष काही वाटत नाही.

तर बँडेज. परतीच्या वाटेवर, दगडांवरून ओढा ओलांडून आलो आणि भाचीने हात आडवा केला. पाच-सहा पावलांवर, उन्हाच्या तिरिपेत, एक काळा कुळकुळीत साप पसरला होता. पोटाची कड लालसर. तिथला हा नेहमीचा 'रेड-बेलीड ब्लॅक', पाण्याच्या काठाने बेडूक खात हिंडणारा. आम्ही उभे राहिलो. त्याने आमची दखल घेतली, घाई न करता गवतात शिरला. माझ्या पायाला मात्र थोडा कंप सुटला होता, आणि एरवी मी मृत सर्प बाटलीतून घेऊन येणाऱ्या नातेवाइकांवर ओरडत असतो!

"आता समजा चावला असता, तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

तिने खडकावर बसून करूनच दाखवलं. बँडेज चांगलं वीतभराला थोडं कमी रुंद, ताणणारं. त्यावर आयतं छापलेले. ताण योग्य झाला की आयताचा चौकोन होतो, म्हणजे नवशिक्यालाही कळावं. कारण लोक ते नेहमी सैल बांधतात. आधी दंशाच्या जागेवर पट्टा, मग बोटांपासून सुरुवात करून वर, जमेल तितका अख्खा पाय, पँटवरूनच. बोटांची टोकं उघडी. शेजारी काठी ठेवून दुसऱ्या बँडेजने पाय तिला बांधायचा. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट, चालायचं नाही. एक पाऊलही नाही. झोपून राहायचं, तीन शून्यांच्या नंबरावर फोन लावायचा आणि मदत येईपर्यंत बँडेज सोडायचं नाही.

हीदेखील सदरलंड यांचीच देणगी. १९७९मध्ये त्यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की नागकुळातल्या सापाचं विष थेट रक्तातून नाही, तर बरंचसं लसिकावाहिन्यांतून सरकतं. या वाहिन्या त्वचेखालच्या नाजूक नळ्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही, आजूबाजूचे स्नायू हलले की त्यांतला द्रव पुढे ढकलला जातो. रुंद पट्ट्याचा मध्यम दाब या नळ्या मिटवतो, आतली रोहिणी मात्र वाहती राहते. चालणं म्हणजे तो स्नायूंचा पंप स्वतःच सुरू करणं. पट्टा कितीही चांगला बांधा, रुग्ण चालला की उपयोग गेला.

"मग तुमच्याकडे हे का नाही करत?" तिने पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं.

उत्तर द्यायला मला ती उरलेली वाट पुरली नाही.

ऑस्ट्रेलियात जमिनीवरचे धोकादायक साप सगळे नागकुळातले. घोणस कुळातला एकही साप त्या खंडात नाही. आपल्याकडे नाग आणि मण्यार नागकुळातले, पण घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातले. त्यांचं विष जिथे दंश झाला तिथलं मांसही सडवतं आणि रक्ताची गोठण्याची क्षमताही संपवतं. असं विष एका जागी दाबून ठेवलं तर ते तिथेच पायाचं नुकसान वाढवण्याची भीती. आणि अंधारात, भाताच्या वाफ्यात, चावला तो कोण हे कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून आपल्याकडे सर्वसामान्य माणसाने दाबपट्टा बांधावा असं शिकवलं जात नाही. शिकवलं जातं ते एवढंच: धीर द्या, हातपाय मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, चालवू नका, लवकरात लवकर रुग्णालयात आणा आणि लक्षणं डॉक्टरांना सांगा. कापायचं नाही, चोखायचं नाही, आणि करकचून दोरी तर मुळीच बांधायची नाही.

दोरीबद्दल सांगतो. १९९६चा ऑक्टोबर, भातकापणीचे दिवस. मी एका तालुक्याच्या रुग्णालयात नवा होतो. संध्याकाळी जीपमधून तिशीची बाई आणली. घोट्याला दंश, आणि गुडघ्याच्या वर सुतळी, मांसात रुतलेली. चार तास झाले होते, मध्ये मांत्रिकाकडेही जाऊन आले होते. सुतळीखालचा पाय निळसर, थंड, फोड आलेले. आमच्याकडे तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल. तरी काचेच्या कोरड्या परीक्षानळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं, मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. ही वीस मिनिटांची चाचणी आजही घोणस ओळखायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. प्रतिविष होतं, ते दिलं. बाई वाचली. पाय मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी गुडघ्याखालून काढावा लागला.

सुतळी तिच्या दिराने बांधली होती. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. वहिनीला पाठीवर घेऊन तो शेतातून रस्त्यापर्यंत धावला होता. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात उभा राहून त्याने मला विचारलं, "डॉक्टर, मी आणखी घट्ट बांधायला हवं होतं का?" मी त्याला खरं सांगितलं नाही. म्हटलं, तू आणलंस म्हणून ती वाचली. तेही खोटं नव्हतं.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोन-तीनच्या आसपास असतो. जगातले सगळ्यात जहाल साप तिथे आहेत हे लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण मृत्यूचा आकडा विषाच्या जहालपणावर ठरत नाही. तिथे माणसं बुटात असतात, साप सहसा वाटेवर दिसतो. आपल्याकडे माणूस अनवाणी चिखलात असतो, किंवा जमिनीवर झोपलेला असतो आणि मण्यार अंथरुणात येते. मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखतही नाही, सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात रात्री काहीतरी खाण्यात आलं असेल. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा उपाय माझ्या मते कुठल्याही बँडेजपेक्षा मोठा. २०२४च्या मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात म्हटलं आहे. रात्री दोन वाजता प्रतिविष कुठल्या फ्रीजमध्ये आहे आणि त्या फ्रीजची किल्ली कुणाकडे आहे, यावर ते अवलंबून राहील.

हे सगळं बोलत आम्ही पुलाखाली परत आलो. कोळी दिसला नाही, सापाने मान दिला, आणि मी सुखरूप परतलो या समाधानात रात्री जेवायला बसलो. कानामागे खाज येत होती. हात लावला तर तिळाएवढा उंचवटा.

गोचीड. आपल्याकडे गुरं राखणाऱ्या पोराला लागते तशी. मी सवयीने नखात धरून ओढणार, तोच भाची ओरडली. "हात लावू नको!" तिने कपाटातून एक छोटा स्प्रे आणला, चामखीळ गोठवायचा असतो तशा प्रकारचा. गोचीड जागच्या जागी गोठवून मारायची, मगच ती निघू द्यायची, अशी तिथली शिकवण. चिमटली तर ती घाबरून आपली लाळ जखमेत सोडते, आणि तिथल्या 'पॅरालिसिस टिक'च्या लाळेने काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी येते.

गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. सिडनीच्या याच उत्तर भागात रॉयल नॉर्थ शोअर रुग्णालयातल्या डॉ. शेरिल व्हॅन नुनेन यांच्याकडे विचित्र रुग्ण येऊ लागले. वर्षानुवर्षं मांस खाणारी माणसं, आणि एके रात्री अचानक अंगावर गांधी, ओठ सुजलेले, श्वास लागलेला. जेवून तीन-चार तास झालेले, त्यामुळे जेवणावर संशय कुणी घेत नव्हतं. व्हॅन नुनेन यांनी प्रत्येकाला गोचिडीबद्दल विचारलं. २००९च्या त्यांच्या शोधनिबंधात मांसाची ॲलर्जी असलेल्या २५पैकी २४ जणांना पूर्वी गोचीड चावून मोठी सूज आलेली होती. कारण 'अल्फा-गॅल' नावाची एक शर्करा. गाय, मेंढी, बकरी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात ती असते, माणसात नसते. गोचिडीबरोबर ती आपल्या त्वचेतून आत येते, शरीर तिला शत्रू ठरवतं, आणि पुढे ताटातल्या मटणावर तोच राग काढतं. चिकन आणि मासे चालतात. काहींना जिलेटिनही सोसत नाही, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलचं कवचसुद्धा. मी मालवणी माणूस, मासळीवर निभेल. पण रविवारचं मटण कायमचं बंद होण्याची कल्पना मला सापापेक्षा जास्त अस्वस्थ करून गेली, हे कबूल करतो.

सिडनीला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना, आणि असे वाचक बरेच असतील, म्हणून सांगतो. रानातून आल्यावर कपडे वेगळे टाका, कानामागे, केसांत, काखेत, जांघेत हात फिरवून पाहा. बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. नंतरच्या महिन्यांत मटण खाऊन काही तासांनी अंगावर गांधी उठल्या, तर डॉक्टरांना गोचिडीची आठवण आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत. आणि इकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांनी गोचिडीला केवळ खाजेचं कारण समजू नये. २०१६मध्ये माकडताप तिथे तिच्याच पाठीवरून आला. ताप आला की 'बागेत गेलो होतो' एवढे तीन शब्द आम्हाला पुरतात.

माझ्या कानामागची गाठ चार दिवसांत बसली. परत आल्यानंतर दुसऱ्या रविवारी धीर करून मटण खाल्लं आणि मध्यरात्रीपर्यंत घड्याळ पाहत जागा राहिलो. काही झालं नाही.

निघताना भाचीने ती दोन बँडेज माझ्या बॅगेत टाकली होती. आता ती रुग्णालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आशाताईंचं प्रशिक्षण असतं तेव्हा मी ती बाहेर काढतो, एकीला बाकावर झोपवतो आणि पायाला बांबूची कामटी लावून बांधून दाखवतो. दाब द्यायला नाही, फक्त पाय हलू नये म्हणून. दर वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "सर, घट्ट किती?" मी तिला पुढे बोलावतो, तिचं बोट पट्ट्याखाली सरकवायला लावतो, आणि सहज सरकलं की म्हणतो, एवढंच.